पंचगंगेचा श्वास मोजताना

जुलैत चार दिवस पाऊस लागून राहिला की कोल्हापुरात भेटेल तो एकच विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर किती झालं?" रिक्षावाले काका विचारतात, भाजीवाल्या मावशी विचारतात, पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा फोनवर आईला विचारतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे कुणाला घोकावे लागले नाहीत. पाणी चाळिशीकडे सरकलं की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरांची दावी सोडायच्या तयारीला लागतात.

एप्रिल-मेमध्ये मात्र त्याच नदीचा कुठलाच आकडा कुणी विचारत नाही. वास आला की नाकाला रुमाल लागतो, काठाला मेलेल्या माशांचा खच पडला की पेपरात फोटो येतो, दोन दिवस बोलाबोली होते आणि मग वळिवाची वाट बघणं सुरू होतं. पुराचा आकडा सगळ्यांचा आहे. नदीतल्या विषाचा आकडा मात्र फायलीत पडून असतो, आणि माझ्या मते पंचगंगेचं दुखणं तिथंच अडलं आहे.

मी रसायनशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाच विद्यार्थ्यांना घेऊन इचलकरंजीच्या खालच्या एका बंधाऱ्यावर पहाटे साडेपाचला पोहोचलो. पहाटेची वेळ मुद्दाम निवडली होती. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री स्वतःच ऑक्सिजन वापरतं. त्यामुळे दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना नदी ठणठणीत असल्याचं सांगू शकतो आणि त्याच नदीत पहाटे मासे तडफडून मरतात. नदीची नाडी बघायची तर सूर्य उगवायच्या आत बघावी लागते.

आदल्या पहाटे आम्ही प्रयाग चिखलीला होतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा तिथून पुढं वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथं केलेली चाचणी आम्ही बंधाऱ्यावर तशीच पुन्हा केली. काचेची ३०० मिलीची बाटली पाण्याखाली धरून भरायची. आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. मग नळीने तळाशी मँगनीज सल्फेटचं द्रावण सोडायचं, पाठोपाठ आयोडाइड मिसळलेलं अल्कलीचं द्रावण, आणि बूच घट्ट लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तो मँगनीजला पकडतो आणि चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी साका खाली बसू लागतो. चिखलीला तो गडद तपकिरी झाला होता. बंधाऱ्यावर झाला तो ताकासारखा पांढरा.

चाचणी करणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिनं नवी बाटली घेतली आणि पुन्हा सगळं केलं. साका पुन्हा पांढराच. शेजारी जाळं आवरत बसलेले एक भोई मामा बघत होते. ते म्हणाले, "न्हाई चुकलं पोरी. पाणी मेलंय ते."

रसायनशास्त्राच्या भाषेतही तेच उत्तर होतं. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ शून्य. साका तपकिरी असेल तर पुढं त्यात आम्ल घालतात, पाणी आयोडीनमुळे पिवळं होतं आणि थायोसल्फेटचे थेंब सोडून ते फिकं करत नेतात. शेवटी स्टार्चचे दोन थेंब टाकले की ते गर्द निळं होतं. निळा रंग जाईपर्यंत किती मिली थायोसल्फेट लागलं त्यावरून दर लिटरला किती मिलिग्रॅम ऑक्सिजन आहे ते कळतं. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आंघोळीच्या पाण्यात तो ५ च्या वर असावा असा निकष आहे. ४ च्या खाली बहुतेक मासे बेजार होतात आणि २ च्या खाली मरायला लागतात. मामा सांगत होते, "आधी नाना जातीचं मासं गावायचं. आता निस्ती चिलापी." चिलापी कमी ऑक्सिजनवरही तग धरते. मामांचं जाळंही त्यांच्या परीनं ऑक्सिजनच मोजत होतं.

हा ऑक्सिजन जातो कुठं? ज्या स्टार्चनं आमची चाचणी निळी होते, तोच स्टार्च यातला एक गुन्हेगार आहे. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. त्याला इचलकरंजीत सगळे सायझिंग म्हणतात. कापड विणून झालं की रंगवण्याआधी प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यात, ही खळ धुवून काढावी लागते. ती पाण्यात गेली की जिवाणूंना मेजवानी मिळते. खाता खाता ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्या मापाला बीओडी म्हणतात. नमुना २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवून ते काढतात. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम.

आता आसवनीतल्या स्पेंटवॉशशी याची तुलना करा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं हे काळपट पाणी. त्याचा बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे प्रक्रिया न केलेला एक लिटर स्पेंटवॉश नदीच्या पाच हजारांहून अधिक लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करू शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला, तर हिशेब पाच कोटी लिटर पाण्यावर जातो. म्हणूनच आसवन्यांनी हे पाणी बाहेर सोडूच नये, आटवून जाळावं किंवा त्यातून गॅस आणि खत करावं असं बंधन आहे. ते पाळायचं तंत्र उपलब्ध आहे आणि पाळणारेही आहेत. एका रात्रीचा एक टँकर पाळणाऱ्या सगळ्यांचं काम मातीत घालतो.

त्यात आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवणाऱ्या या बंधाऱ्याला देशभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, आणि त्याच्यामुळेच आपला ऊस उभा आहे. पण उन्हाळ्यात अडलेल्या पाण्यात घाण तळाशी साचते आणि कुजते. वर जलपर्णी दाटते, तिच्याखाली उजेड पोहोचत नाही. मग कुणीतरी एका रात्रीत बरगे उचलतं. तळाचं काळं पाणी एकदम खालच्या गावाकडं धावतं, आणि पुढच्या बंधाऱ्याला पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. वरच्या गावाला वाटतं, आपण फक्त पाणी सोडलं. खालच्या गावाला वाटतं, कुणीतरी विष घातलं. कधीकधी दोघंही खरं बोलत असतात.

इथवर झाली गुदमरवणाऱ्या घाणीची गोष्ट. ती जिवाणू शेवटी खाऊन टाकतात, नदीला वेळ आणि वाहतं पाणी मिळालं तर ती सावरते. खरी धास्ती दुसऱ्या जातीच्या रसायनांची आहे, ज्यांना जिवाणू खाऊ शकत नाहीत. सुट्या भागांना चकाकी आणण्यासाठी जो क्रोमचा मुलामा देतात, त्याच्या टाकीत षटसंयुजी क्रोमियम असतं. ते कर्करोगकारक आहे, पाण्यात सहज विरघळतं आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यातही लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. कापडाच्या ॲझो रंगांचं आणखी वेगळं आहे. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही रंगांचे रेणू मधोमध तुटतात आणि त्यातून ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. पाण्याचा लाल-निळा रंग गेला म्हणून पाणी शुद्ध झालं असं समजायचं कारण नाही.

शिवाय अशी टाकी गटारात ओतली की ती थेट शहराच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात पोहोचते. तिथं सगळं काम जिवाणूच करतात. जयंती नाल्याचं आणि दुधाळीचं सांडपाणी वळवून, पंपानं उचलून, कोट्यवधी रुपयांची केंद्रं उभी करायची आणि एखाद्या शेडमधल्या आम्लाच्या एका टाकीनं तिथले जिवाणू मारायचे, हे होऊ शकतं. मेलेले जिवाणू पुन्हा वाढायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस शहराची घाण अर्धवट शुद्ध होऊन नदीत जाते.

म्हणून एकट्यादुकट्यानं हे सुटत नाही, असं मी म्हणतो ते भाबडेपणानं नाही, रसायनशास्त्र तेच सांगतं. छोट्या कारखान्याला स्वतःचं प्रक्रिया केंद्र परवडत नाही, म्हणून सामायिक केंद्र लागतं. इचलकरंजीत कापड प्रोसेसवाल्यांचं तसं केंद्र आहेही. पण सामायिक केंद्र नीट चालायचं तर प्रत्येकानं आपल्या पाण्यात काय आहे ते खरं सांगावं लागतं. एकाच्या पाण्यात सल्फाइड आणि दुसऱ्याच्या पाण्यात आम्ल असेल आणि दोन्ही एका टाकीत भेटली, तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू उठतो. चांदीच्या मुलाम्याच्या टाकीत बहुधा सायनाइड असतं. त्याला आम्ल भेटलं तर काय होईल ते लिहायलाही हात धजत नाही. उलट पाणी वेगवेगळं ठेवलं तर काम सोपं होतं. क्रोमियमच्या पाण्याला आधी आम्लधर्मी करून बायसल्फाइट घालायचं, म्हणजे षटसंयुजी क्रोमियम कमी विषारी त्रिसंयुजी होतं. मग चुना घातला की ते गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ रस्त्याकडेला टाकायचा नसतो, घातक कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रातच जावा लागतो. आपल्याकडं बहुतेक वेळा घोडं इथंच अडतं.

याहून चांगला मार्ग म्हणजे विष वापरायचंच कमी करायचं. सल्फर रंग विरघळवायला पूर्वापार सोडियम सल्फाइड वापरतात, पण गरम अल्कलीत ग्लुकोजसारख्या साखराही तेच क्षपणाचं, म्हणजे रंग विरघळता करण्याचं, काम करू शकतात. गुळातही अशा क्षपणक साखरा असतात. गुळाच्या मुलखात कापड रंगवणाऱ्यांनी हा प्रयोग करून बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९८९ मध्ये यासाठी कायदाच केला. घातक रसायनं ठरावीक प्रमाणाबाहेर वापरणाऱ्या कारखान्यानं ती कमी कशी करता येतील याचा आराखडा करायचा, आणि त्याला मदत करायला लोवेल या जुन्या कापडगिरण्यांच्या गावातल्या विद्यापीठात संस्था उभी राहिली. त्याच्याही आधी, १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनं हादरून तिथं १९८६ मध्ये केंद्रीय कायदा झाला होता. कोणता कारखाना कोणतं विष किती सोडतो ते शेजाऱ्यांना कळलंच पाहिजे, असा त्याचा गाभा. माणसं आपली गेली होती. तो हक्क आपल्या नदीकाठच्या माणसालाही तितक्याच सहज मिळायला हवा.

कायदा आपल्याकडंही आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच पाळायची असते, त्यामुळे आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी कोर्टात तसा पुरावा ठरत नाही. पण साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः फिर्याद करता येते. आणि आपल्या बाटलीचं खरं काम वेळ गाठण्याचं आहे. अधिकारी येईपर्यंत काळं पाणी पुढं गेलेलं असतं. पहाटे साडेपाचला बंधाऱ्यावर जो असतो तोच ते बघतो.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. ती विषाणूची साथ होती, रसायनाची नव्हे, पण पाण्याबद्दलची बेफिकिरी दोन्हीकडं सारखीच. त्याच सुमारास पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, नीरीसारख्या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचा अभ्यास झाला. ते सगळं लागतंच. तरी मला भरवसा वाटतो तो आपण स्वतः करून दाखवलेल्या गोष्टीचा. गणपती नदीत सोडायचा नाही, म्हटल्यावर सुरुवातीला किती भांडणं झाली! आज जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत गुऱ्हाळाच्या काहिलीत विसर्जन होतं, निर्माल्य वेगळं जमा होतं. तरुण मंडळांनी मनावर घेतलं म्हणून ते झालं.

त्या पहाटेनंतर आम्ही फार मोठं काही केलं नाही. मुलांनी चाचणीची पेटी मामांच्या घरी ठेवली आणि मामांच्या नातवाला ती वापरायला शिकवलं. घाटाच्या भिंतीवर हातभर जागा चुन्यानं रंगवून घेतली, तिथं कोळशानं आकडा लिहायचा. मोबाइलवर एक ग्रुप केला. त्यात वरच्या आणि खालच्या गावची माणसं आहेत, बरगे काढणारा एक जण आहे, दोन प्रोसेसच्या प्रयोगशाळांतले केमिस्टही आहेत. केमिस्टना आणायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांना वाटायचं, आपल्याला पकडायला बोलावलंय. तीन-चार बैठकांनंतर त्यातला एक जण म्हणाला, "सर, सल्फाइडची चाचणी मी करून देतो, माझ्याकडं सामान आहे." बरगे आता एका रात्रीत सगळे निघत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन करून काढतात आणि आदल्या दिवशी खालच्या गावाला कळवतात. नदी काही त्यानं स्वच्छ झालेली नाही.

यंदा मेमध्ये एका पहाटे मामांचा फोन आला. मी विचारलं, "मामा, किती?" ते म्हणाले, "तीन पॉइंट दोन. काल चार व्हता. वरनं कायतरी आलंया, बघा जरा." मी ग्रुपवर आकडा टाकला तेव्हा सहाला दहा कमी होते, आणि वरच्या गावचा एक जण चप्पल घालून ओढ्याकडं निघालासुद्धा होता.