अधोलोक, नरक आणि हिन्नोमची दरी

बायबलमधला ‘नरक’ हा मुळात एक शब्द नाही. हिब्रू ग्रंथांत मृतांच्या जागेला शओल म्हणतात, आणि तिथे आग नाही. अंधार, धूळ, नि:शब्दता. भला असो की दुष्ट, शेवटी सगळे तिथेच. योसेफ मेला असं समजून याकोब आपणही शोक करत त्याच्याकडे शओलात जाऊ म्हणतो, तेव्हा तो मुलाला पापी ठरवत नसतो. इ.स.पू. 3ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ग्रीक भाषांतर सुरू झालं, त्यात शओलसाठी ‘हेडीज’, म्हणजे ग्रीकांचा मृतांचा लोक, हा शब्द आला.

आग आली ती यरुशलेमला लागून असलेल्या एका खऱ्या दरीतून. ‘गे हिन्नोम’, म्हणजे हिन्नोमची दरी. तिथल्या ‘तोफेत’ नावाच्या जागी मुलांना अग्नीत अर्पण केलं जाई. आहाज आणि मनश्शे या राजांवरच हा ठपका आहे. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून हा प्रकार थांबवला, आणि यिर्मया संदेष्ट्याने तिला ‘कत्तलीची दरी’ म्हटलं. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, असं प्रवचनांतून हमखास ऐकू येतं. पण त्याचा लेखी उल्लेख थेट इ.स. 1200च्या सुमाराचा, रब्बी (यहुदी धर्मगुरू) डेव्हिड किम्ही यांचा आहे. कचऱ्याची गोष्ट सोयीची आहे, पण ती सांगताना त्या मुलांचा विसर पडतो, हे मला फार खटकतं.

याच नावाचं ग्रीकमध्ये ‘गेहेन्ना’ झालं. नव्या करारात ते 12 वेळा येतं, त्यातलं 11 वेळा येशूच्या तोंडी. अरबीतलं, आणि आपल्याही बोलण्यातलं, ‘जहन्नम’ त्याच दरीचं.

इंग्रजीच्या 1611च्या प्रसिद्ध भाषांतराने हेडीज आणि गेहेन्ना ‘हेल’ या एकाच शब्दात कोंबले, शओलही बऱ्याच ठिकाणी तसाच. मराठी बायबलने मात्र ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ वेगळे ठेवले, हे मोठं काम आहे. त्यामुळेच बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मरण आणि अधोलोक अग्निसरोवरात टाकले जातात, ते वाक्य मराठीत नीट कळतं. अर्थात सीमारेषा सगळीकडे स्वच्छ नाही: लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला श्रीमंत माणूस अधोलोकातच ज्वाळेत तळमळतो.

‘नरक’ शब्दासोबत आपल्याकडे पुराणांतला यमलोकही येतो. तिथली शिक्षा कर्माच्या मापाने, मुदतीची. ख्रिस्ती शिकवणीत गेहेन्ना बहुधा कायमचा मानला गेला. पण मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात एका रब्बीच्या मते दुष्टांची गेहिन्नोममधली शिक्षा 12 महिन्यांची आहे.