जाहिरातीतले औषध आणि बाटलीतले औषध

ब्रिटिश अमदानीतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या की 'क्लोरोडाइन'ची जाहिरात पुन्हा पुन्हा समोर येते. डॉ. जे. कॉलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्याने पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, हे मिश्रण तयार केले. पुढे लंडनचा डेव्हनपोर्ट नावाचा औषधविक्रेता ते विकू लागला आणि बाटल्या बोटीने परत हिंदुस्थानात येऊ लागल्या.

या जाहिरातीत दोन पुरावे ठळकपणे दिलेले असत. पहिला न्यायालयाचा: सर विल्यम पेज वुड या न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितले आहे की क्लोरोडाइनचे जनक निःसंशय डॉ. ब्राउनच. दुसरा सरकारी: मनिलातल्या ब्रिटिश कॉन्सलच्या, म्हणजे तिथे नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीच्या, खलित्यानुसार तिथल्या पटकीत उपयोगी पडलेले एकमेव औषध म्हणजे क्लोरोडाइन. पहिला पुरावा नीट वाचला की लक्षात येते, तो खटला मुळात औषध कोणी शोधले याबद्दलचा होता. औषध लागू पडते की नाही, हा प्रश्न त्या कोर्टापुढे नव्हताच. तरी न्यायाधीशाचे नाव छापले की औषधाला वजन येई.

बाटलीत होते अफूतले मॉर्फीन, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. यातले मॉर्फीन महत्त्वाचे. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवर अफूजन्य द्रव्ये ओळखणारे ग्राही असतात. मॉर्फीन तिथे जाऊन बसले की आतड्याची हालचाल मंदावते, कळा थांबतात, जुलाबांची संख्या उतरते. जुलाबावर आज मिळणारी लोपेरामाइडची गोळी याच ग्राहींवर काम करते. साध्या हगवणीत क्लोरोडाइनने बरे वाटत असणार, यात शंका नाही.

पटकीची गोष्ट निराळी. तिच्या जंतूचे विष लहान आतड्याच्या पेशींना सतत क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. मॉर्फीनने आतडे थांबले तरी हे पाझरणे थांबत नाही. पाणी पोटातच साचत राहते आणि रक्त आटत जाते. रोगी कण्हायचा थांबतो, डोळे मिटून पडतो. घरच्यांना वाटते उतार पडला. लागते ते गेलेले पाणी भरून काढणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून तीव्र खारे पाणी देऊन मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून ते चार टक्क्यांच्याही खाली नेले.

अशी औषधे इतक्या दूरवर पोहोचली कशी, याचे उत्तर छापखान्याइतकेच टपालात आहे. १७८० मध्ये कलकत्त्याला निघालेल्या हिकीच्या 'बेंगॉल गॅझेट' या वर्तमानपत्राने आपल्या पूर्ण नावातच स्वतःला जाहिरातदार म्हणवले होते. लिलाव, बोटींची ये-जा, विलायतेहून उतरलेला माल हे तेव्हाच्या पत्रांचे नेहमीचे खाद्य. पण पेढीवाला, घड्याळजी किंवा कापडवाला यांचे गिऱ्हाईक बहुधा त्याच शहरातले असे. औषधवाल्याला गावोगावचे गिऱ्हाईक हवे होते. १८७७ मध्ये टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल म्हणजे व्ही. पी. सुरू केली आणि ते मिळाले. माल पोस्टमनने आणायचा, पैसे त्याच्याच हातात द्यायचे. वैद्याला नाडी दाखवायची गरज उरली नाही, कोणता रोग आहे हे कोणाला कळायचे भयही उरले नाही. गुप्तरोग आणि धातुदौर्बल्यावरच्या औषधांना यामुळेच बरकत आली असे मला वाटते.

जाहिरातीवर पैसा ओतण्यात इंग्लंडचा टॉमस हॉलोवे सर्वांच्या पुढे. त्याच्या गोळ्या आणि मलम साम्राज्यभर खपत. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा जाहिरातखर्च वर्षाला सुमारे ५० हजार पौंडांवर गेला होता. दुसरा मोठा गडी बीचम. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त नुस्ख्याच्या औषधांचे पृथक्करण करून निष्कर्ष छापले. बीचमच्या गोळीत निघाले काळाबोळ, सुंठ आणि साबण. एक शिलिंग दीड पेनीच्या डबीतल्या ५६ गोळ्यांचा कच्चा माल अर्ध्या पेनीचाही नव्हता.

काळाबोळ म्हणजे कोरफडीच्या पानांतला कडू चीक आटवून केलेला पदार्थ. त्यातले द्रव्य पोटात जसेच्या तसे फारसे काही करत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे रूपांतर करतात, मग ते आतड्याला ढवळते. रात्री गोळी घेतली की सकाळी पोट साफ, हा हिशेब त्यामुळेच जमतो. डोकेदुखी, चक्कर, यकृताचा विकार, निरुत्साह अशा वाटेल त्या तक्रारींवर गोळी विकली जाई. गिऱ्हाइकाला परिणाम नक्की जाणवे. फक्त तो ज्या रोगासाठी गोळी घेतली त्यावरचा नसे.

परिणाम जाणवणे ही गोष्ट सरसकट खोटी मानण्यासारखीही नाही. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी १८९३ मध्ये मुंबईत 'अमृतांजन' काढले. त्याच व्यवसायाच्या जोरावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' हे साप्ताहिक सुरू केले. म्हणजे इथे औषधाने वर्तमानपत्र पोसले. बाममधला मेन्थॉल त्वचेतल्या थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंचे एक विशिष्ट प्रथिन उघडतो. त्वचेचे तापमान तेच राहते, मेंदूला मात्र गारव्याचा निरोप जातो आणि दुखणे मागे पडते. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले. डोके चेपून घेण्यासाठी विकलेला बाम तेवढेच काम करतो, त्याहून मोठी बढाई मारली नाही तर त्यात फसवणूक नाही. 'डॉ. विल्यम्सच्या पिंक पिल्स'चे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. त्यात लोहाचा क्षार होता, त्यामुळे पंडुरोगात एखाद्या बाईला खरेच फरक पडला असेल. पण त्याच गोळ्या अर्धांगवायूवरही विकल्या जात.

खरा पेच हिवतापात दिसतो. त्या काळी तापाच्या औषधांच्या जाहिराती उदंड, आणि काहींत क्विनाइन असे. क्विनाइन हे रक्तातल्या हिवतापाच्या परजीवीला मारणारे अस्सल औषध. शेजारच्याच चौकटीत नुसत्या कडू काढ्याची बाटली. दोन्हीकडे 'रामबाण', दोन्हीकडे प्रशस्तिपत्रे. वाचकाने ओळखायचे कसे?

अनुभवाने, असे कोणीही म्हणेल. पण हिवतापात अनुभवच फसवतो. आधी थंडी वाजून हुडहुडी भरते, मग अंग फणफणते, मग दरदरून घाम सुटतो आणि काही तासांत माणूस मोकळा होतो. परजीवी लाल पेशी फोडून बाहेर पडतात त्या ठरावीक वेळेला हे घडते. बहुतेक प्रकारांत दर ४८ तासांनी. माणूस औषध घेतो ते हुडहुडी भरल्यावर. दुपारी काढा प्यायला, संध्याकाळी घाम आला, दुसरा दिवस छान गेला. काढा लागू पडला! तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजली की तो म्हणतो मात्रा कमी पडली. आपल्याकडे फार आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात उपचार न करताही काही आठवड्यांत पाळ्या ओसरतात. तेव्हा हातात जी बाटली असेल तिला यश मिळते.

आता क्विनाइन घेणाऱ्याचे बघा. त्याचा ताप खरोखर औषधाने गेला. पण व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि क्विनाइन त्यांना शिवत नाही. काही महिन्यांनी ते जागे होतात, ताप उलटतो. शिवाय क्विनाइनने कानात गुणगुण होते, तोंड कडू जहर होते. हा माणूस शेजाऱ्याला काय सांगेल? काढ्याने बरा झालेला समाधानी, क्विनाइन घेतलेला वैतागलेला. दोघेही आपला अनुभव प्रामाणिकपणे सांगताहेत आणि दोघांचाही निष्कर्ष उलटा आहे. मला या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत दुःखद वाटते, कारण इथे लबाडीची गरजच पडत नाही. त्याच काळात, १८९२ पासून, बंगालमध्ये पोस्टात एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळू लागली होती.

प्रशस्तिपत्रांचा दुसरा दोष साधा आहे: पत्र जिवंत माणूसच लिहितो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गाठीच्या प्लेगात उपचार नसले तरी शंभरातले चाळीस-पन्नास वाचतात. त्यांनी काहीही घेतले असेल, लेप, अर्क, अंगारा, त्याचे गुण ते गातील. उरलेल्यांच्या वतीने बोलायला कोणी नसते. जंतुशास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. त्यांनी कोणाचे आभारपत्र गोळा केले नाही. त्याच भिंतींच्या आत, तेच अन्न खाणारे, लस न घेतलेले कैदी किती आजारी पडले आणि किती दगावले, हे त्यांनी शेजारी मांडले. न घेतलेल्यांतच आजार आणि मृत्यू जास्त होते. ही तुलना एका वाचकाला आपल्या घरी बसून कधीच करता येत नाही.

म्हणून उपाय वाचकाच्या हुशारीवर सोडून भागणार नव्हते. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींना कायद्याचे रूप यायला दहा वर्षे गेली. १९४० च्या औषध कायद्याने गुप्त नुस्ख्याच्या औषधांवर घटक छापणे आले, आणि बाटलीत काय आहे हे कळण्याचा हक्क गिऱ्हाइकाला पहिल्यांदा मिळाला. माझ्या मते जाहिरातबंदीपेक्षा ही तरतूद मोलाची. जाहिरातींचा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये आला. ठरावीक रोग बरे करण्याचे दावे त्याने बंद केले. हमदर्द दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असा निकाल १९५९ च्या डिसेंबरात लागला, पण कायद्यातली काही कलमे न्यायालयाने रद्दही केली. आयुर्वेदिक आणि युनानी औषधे तोवर १९४० च्या कायद्याबाहेर होती. १९६४ च्या दुरुस्तीने ती आत आली.