सर्वनामयोजना (साचेबंद पात्रांच्या चर्चेतील)

कथा-कादंबरीतील एखाद्या फसलेल्या पात्रप्रकाराविषयी, म्हणजे एका ठरावीक पात्राऐवजी त्याच्या साच्याविषयी लिहिताना ‘तो’, ‘ती’ की ‘ते’ योजावे, यासंबंधीची समीक्षेतील रीत. सर्वगुणसंपन्न नायिका, निष्कारण क्रूर खलनायक, केवळ सोसण्यासाठी घडवलेली आई हे असे परिचित साचे होत.

प्रश्नाला धार आली ती बहुधा इंग्रजीतील ‘मेरी सू’ या संज्ञेमुळे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांत इच्छापूर्तीसाठी अवतरणाऱ्या नायिकांचे विडंबन पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये केले. त्यातील लेफ्टनंट मेरी सू अवघी साडेपंधरा वर्षांची असून ताफ्यातील सर्वांत तरुण लेफ्टनंट आहे. नाव तेव्हाचे असले, तरी साचा त्याहून बराच जुना मानला जातो. ‘गॅरी स्टू’, ‘मार्टी स्टू’ ही पुरुषी नावे मागाहूनची असावीत. काही जण मूळ नावच सर्वांना लावतात. तसे केल्यास ‘ती’ हे सर्वनाम दोषालाच चिकटते आणि तितकेच अजिंक्य, तितकेच निर्दोष नायक मोकळे सुटतात. हा आक्षेप ग्राह्य वाटतो.

मराठीत सर्वनाम नामाच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘पात्र’ नपुंसकलिंगी, ‘व्यक्तिरेखा’ स्त्रीलिंगी, ‘नमुना’ पुल्लिंगी. त्यामुळे एकाच खलनायकाविषयी ‘ही व्यक्तिरेखा पोकळ आहे, तिला भूतकाळच नाही’ आणि ‘हे पात्र पोकळ आहे, त्याला भूतकाळच नाही’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध ठरतात. ‘त्याला’ हे रूप ‘तो’ आणि ‘ते’ या दोहोंचे असल्याने दुसऱ्या वाक्यातले नपुंसकत्व ‘हे पात्र’ एवढ्यावरच टिकून आहे.

खरी अडचण लेखनाची. पूर्वी ‘तें सुधारलें’ (एक पात्र) व ‘ते सुधारले’ (अनेक पुरुष, किंवा आदरार्थी एक), तसेच ‘तीं सुधारलीं’ (अनेक पात्रे) व ‘ती सुधारली’ (एक नायिका) असा भेद अनुस्वाराने दिसे. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. आता ‘ती शेवटी सुधारली’ एवढे वाचून नायिका एक की पात्रे अनेक, हे कळत नाही. वर्तमानकाळात क्रियापद निवाडा करते: ‘ते सुधारते’, ‘ते सुधारतात’, ‘ती सुधारते’, ‘ती सुधारतात’. साच्याची चर्चा म्हणून वर्तमानकाळातच करणे श्रेयस्कर. इंग्रजीत लिंग न सांगता एकाच व्यक्तीविषयी योजल्या जाणाऱ्या ‘दे’ (they) या सर्वनामासाठी अनेकवचनी ‘ते’ योजल्यास मराठी वाचकाला समोर कोणी आदरणीय पुरुष उभा राहिल्यासारखा वाटतो. ‘ते ध्यान’, ‘ते कार्टं’ यांतील तुच्छतेमुळे नपुंसकलिंगच हिणवणारे आहे, असेही एक मत आहे. मात्र ‘पात्र’ या नामामागून येणाऱ्या ‘ते’ला ती छटा नसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकापुढे शेजारच्या भाषेची रीतही असते. बडोदे : येथील मराठी वाचकाचा गुजरातीशी रोजचा व्यवहार असतो. गुजरातीतही तीन लिंगे आहेत व ‘पात्र’ नपुंसकलिंगीच आहे; पण ‘ए’ हे सर्वनाम तिन्ही लिंगांना सारखेच. लिंग क्रियापदावर उमटते: ‘ए आव्यो’, ‘ए आवी’, ‘ए आव्युं’. स्त्रीविषयी आदर दाखवताना नपुंसकलिंगी अनेकवचन येते (‘बा आव्यां’), म्हणजे तेथे हे लिंग मानाचेही आहे. शिवाय मराठीने टाकलेला अनुस्वार गुजरातीने लेखनात राखला आहे.

इंदूर, ग्वाल्हेर : शेजारच्या हिंदीत नपुंसकलिंग नाही, ‘पात्र’ पुल्लिंगी, ‘वह’ दोन्ही लिंगांना समान.