बॅग किंवा ड्रेसिंग विकत घेण्याआधी

नागपूरला धंतोलीत आमच्या दुकानात येणारे बरेच जण चिठ्ठी पुढे करून विचारतात, "ही बॅग केवढ्याला?" नाहीतर, "जखम लवकर भरेल असं एखादं चांगलं मलम द्या." बॅगाही आहेत, ड्रेसिंगही आहेत. पण पोटावरचा स्टोमा (शी किंवा लघवी बाहेर यायला ऑपरेशनने पोटावर केलेले तोंड, ज्यावर बॅग लावतात) असो की महिनोन्‌महिने न भरणारी जखम, आधी जाणत्या माणसाने ती उघडून पाहायला हवी. तोवर महागातला महाग डबाही वाया जातो. गडचिरोली, बालाघाटहून बसने येणाऱ्यांचे पैसे असे गेले की आम्हाला फार वाईट वाटते. म्हणून हे पत्रक.

स्टोमा असलेल्यांसाठी

चांगला स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर दिसतो. त्याला स्पर्शाने दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नका. मात्र तो जांभळा किंवा काळा पडला तर रात्र असली तरी थांबू नका, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जा.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती बॅग गळण्याची आणि भोवतालची कातडी सोलवटण्याची. दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या 6 ते 8 आठवड्यांत आक्रसत जातो. घरचे मात्र रुग्णालयातून सुट्टी मिळताना दाखवलेल्या मापानेच प्लेट (बॅग कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती) कापत राहतात. मग मधल्या उघड्या कातडीला शी लागत राहते. इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा असेल तर त्या पातळ शीत पाचक रस असतात, आणि ते काही तासांतच कातडी जाळतात. प्लेटचे भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठे हवे. पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. मोजपट्टी आमच्याकडे मागा, तिचे पैसे लागत नाहीत.

कातडी साध्या कोमट पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपून कोरडी करा. जंतुनाशक, स्पिरिट, खोबरेल तेल, अंगाला लावायची पावडर यांतले काहीही नको. तेलकट कातडीवर प्लेट धरत नाही. स्टोमा पेस्ट हा डिंक नाही, पोटावरच्या वळ्या आणि खळगे भरायला ती असते. जास्त थापली तर प्लेट उलट लवकर सुटते. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा, कारण वजनाने प्लेट ओढली जाते.

नागपूरच्या उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. पारा 45 अंशांकडे गेला की घामाने प्लेट सैल होते. एरवी चार दिवस टिकणारी तेव्हा दोन दिवसांत बदलावी लागू शकते, तेव्हा एप्रिल-मेसाठी जास्तीच्या प्लेट घरात ठेवा. स्कूटरच्या डिक्कीत किंवा उभ्या कारमध्ये त्या ठेवू नका, चिकटा खराब होतो. इलिओस्टोमी असलेल्यांना खरा धोका पाणी कमी होण्याचा असतो. पाणी आणि मीठ शोषायचे काम मोठे आतडे करते, आणि त्यांच्या बाबतीत तेच वाटेत नसते. अशा वेळी नुसते पाणी ढसाढसा प्यायल्याने भागत नाही, बॅगेतले पाणी तेवढे वाढते. ओआरएस घ्या. दिवसभरात दीड लिटरहून जास्त बाहेर पडत असेल, लघवी कमी झाली असेल, चक्कर येत असेल तर रुग्णालय गाठा.

संत्र्यांबद्दल सगळेच विचारतात. इलिओस्टोमी असेल तर फोडीवरचा पापुद्रा आणि पांढरे धागे काढा, गर नीट चावून खा. ते धागे अडकून बसू शकतात. पोटात कळा येताहेत, उलट्या होताहेत आणि बॅग तासन्‌तास कोरडी आहे, असे झाले तर लगेच इमर्जन्सीत जा. पोट साफ होण्याचे (जुलाब करवणारे) औषध घरी अजिबात देऊ नका.

न भरणाऱ्या जखमा

चार आठवडे नीट ड्रेसिंग करूनही मधुमेहीच्या पायाची जखम निम्मीही झाली नसेल, तर ड्रेसिंग बदलत बसू नका, कारण शोधा. पायाला रक्त पोहोचते का? शिरा फुगल्यात का? हाडापर्यंत पू गेला का? जखमेवर रोज भार पडतो का? ही तपासणी दुकानात होत नाही. तज्ज्ञ घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात, नायलॉनच्या बारीक तारेने पायाची संवेदना पाहतात, मेलेला भाग काढतात. शिरा फुगल्याने झालेल्या जखमेला घट्ट पट्टी (कॉम्प्रेशन) हाच मुख्य उपाय, पण धमनी अरुंद झालेल्या पायाला तीच पट्टी घातक ठरू शकते. म्हणून रक्तपुरवठा तपासल्याशिवाय आम्ही कॉम्प्रेशन पट्टी विकत नाही, ग्राहक रागावले तरी.

बधिर पाय काय करतो, हे विदर्भाला शिकवायला नको. मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले, पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात पायाला दुखणेच कळत नाही, म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो. जुन्या मधुमेहातही हेच होते. कुष्ठरुग्णांना दिली जाणारी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल अशा मधुमेहींनाही उपयोगी पडते. देवळात, दर्ग्यात दुपारच्या तापल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका. गरम पाण्याने पाय शेकू नका. हळद, चुना, राख जखमेत भरू नका.

"जखम उघडी ठेवा, सुकू द्या" हा सल्लाही मागे पडला आहे. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच दाखवले. फोम, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड ही ड्रेसिंग त्यावरच आधारलेली आहेत. फक्त ज्या पायाला रक्तच पोहोचत नाही, तिथली कोरडी काळी खपली डॉक्टरांना विचारल्याशिवाय ओली करू नका.

कोणाकडे जायचे

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या शस्त्रक्रिया विभागात स्पष्ट विचारा: स्टोमाचे किंवा जखमांचे प्रशिक्षण घेतलेली नर्स आहे का? हे स्वतंत्र शास्त्र आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला 1958 मध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमा असलेल्या रुग्णांना सांभाळण्याचे काम नॉर्मा गिल यांच्याकडे सोपवले. गिल यांना स्वतःला स्टोमा होता, त्यामुळे रुग्णाला काय बोलायला लाज वाटते हे त्यांना ठाऊक होते. आमच्याशीही मोकळेपणाने बोला, मागे पडदा लावलेली खोली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दुकानात येताना डिस्चार्ज कार्ड आणा. बॅग गळत असेल तर काढलेली प्लेट न धुता प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा. तिची मागची बाजू पाहिली की गळती कुठून सुरू होते ते कळते. जखमेचा फोटो काढताना बाजूला शाळेची पट्टी ठेवा.