सिरॅमिक की अल्निको? पिकअप उलटा करून बघा

स्वस्त इलेक्ट्रिक गिटारमधला सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग; यात चुंबक आणि बारीक तारेच्या वेढ्यांची एकच गुंडाळी, म्हणजे कॉइल, असते) आणि त्याच्या जागी बसवायला आणलेला महागडा पिकअप शेजारी ठेवले, तर वरून काही कळत नाही. तेच प्लॅस्टिकचं झाकण, तेच सहा पोल पीस, म्हणजे प्रत्येक तारेखालचा धातूचा तुकडा. दोन्ही उलटे करा.

स्वस्तातल्याच्या पाठीला एक किंवा दोन काळपट, ठिसूळ पट्ट्या चिकटवलेल्या दिसतील. ते सिरॅमिक चुंबक, म्हणजे फेराइट. वरचे सहा तुकडे नुसत्या पोलादाचे. पट्टीचं चुंबकत्व तारांपर्यंत पोचवणं एवढंच त्यांचं काम. दुसऱ्याच्या पाठीला पट्टीच नाही. तिथे सहाही कांड्या स्वतःच चुंबक असतात, अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेल्या. हाच अल्निको. १९५४ साली आलेल्या फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे पिकअप याच घडणीचे होते.

‘सिरॅमिक कर्कश, अल्निको गोड’ हे वाक्य गिटारवाल्यांच्या तोंडी बसलेलं आहे. माझ्या मते यात चुंबकाला फुकट बोल लागतो. खरा फरक पडतो तो कॉइलच्या पोटात काय आहे याने. तिथे पोलाद आलं की इंडक्टन्स (बदलत्या विजेला कॉइलकडून होणारा विरोध) वाढतो, टिपेकडची चमक दबते आणि मधला भाग पुढे येतो. अल्निकोच्या कांड्यांनी इंडक्टन्स तितका वाढत नाही, म्हणून तार छेडल्यावरचा तो काचेसारखा खणखणाट. कॉइलचे वेढे कमी-जास्त करून यातलं बरंच इकडचं तिकडे करता येतं, त्यामुळे नुसतं ‘अल्निको’ हे लेबल वाचून पैसे मोजू नयेत.

मल्टिमीटरवरही फार विसंबू नका. जुन्या धाटणीचा सिंगल कॉइल ६ किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, पण कॉइलला जास्त बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत आकडा चढतो. आकडा मोठा म्हणून आवाज मोठा, असं नाही.

बसवताना मात्र अल्निको जपून हाताळावा लागतो. कांड्यांची ओढ थेट तारेवर येते. पिकअप फार वर घेतला की जाड तारा वरच्या फ्रेटवर वाजवताना थरथरत्या, बेसूर ऐकू येतात, आणि माणूस बिचारा ट्यूनिंगच्या खुंट्या पिळत बसतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिच्यात आणि पोल पीसमध्ये साधारण २ मिलिमीटर अंतर ठेवा, मग कानाने ठरवा. (पिकअप वर-खाली करणारा स्क्रू आधी जुन्या पिकअपवर फिरवून पाहा. कधीकधी खरेदीच टळते.)

गिटारमधल्या तीन पिकअपपैकी एकच बदलणार असाल तर आणखी एक भानगड. नव्याचं चुंबक किंवा वेढ्यांची दिशा जुन्यांशी जुळली नाही, तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल करून डाग दिला की आवाज पुन्हा भरदार होतो. गुणगुण मात्र राहू शकते.