पुठ्ठ्याच्या डब्यातला शंकरपट

शंकरपटासारख्या बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत विदर्भातली जी पोरं लहानाची मोठी झाली, त्यांनी तळेगाव दशासरचा पट आजोबांच्या तोंडूनच ऐकला. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला शंकरपटाचा व्हीआर गेम (डोळ्यांवर यंत्र लावलं की आपण त्या दृश्याच्या आतच आहोत असं वाटायला लावणारा) घ्यावा, असं त्यांना वाटलं तर मला ते फार मोलाचं वाटतं.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदूला खोली दिसते, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्येच दाखवलं होतं. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी मान वळवली की दृश्यही वळेल असं यंत्र केलं. ते छताला टांगावं लागे. पुढची कित्येक वर्षं हे सगळं प्रयोगशाळा आणि श्रीमंत कंपन्यांपुरतंच राहिलं. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही व्हीआर यंत्रं बनवणारी कंपनी विकत घेतली, त्याचा गाजावाजा खूप झाला. पण तालुक्याच्या कॉलेजांसाठी त्याच वर्षीची दुसरी गोष्ट महत्त्वाची: गूगल कार्डबोर्ड. पुठ्ठा, दोन भिंगं आणि खिशातला फोन. गेम बनवायचं युनिटी हे सॉफ्टवेअर २००९ पासून फुकट मिळत होतंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि शिकवणीचे व्हिडिओ गावात बसून बघता येऊ लागले.

अडचण फोनचीच. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वळला ते ओळखणारा भाग, नसतो, मग मान वळवली तरी दृश्य जागचं हलत नाही. अख्ख्या वर्गात चालणारे फोन दोन-तीनच निघू शकतात.

दुसरी अडचण मळमळीची. डोळ्यांना वाटतं आपण पळतोय, शरीर मात्र खुर्चीवर. त्यात जुना फोन अडखळला की डोकं गरगरतं. नजरेसमोर काहीतरी स्थिर असलं तर हा त्रास कमी होतो. म्हणूनच मला हा विषय व्हीआरला शोभणारा वाटतो: छकडीवर, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीवर, बसून बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याला समोरचा दांडा आणि हातातले कासरे सतत दिसतात, जमीन तेवढी मागे पळते.

बैलांची मॉडेलं ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतील. धुरकऱ्याची आरोळी मात्र पटावर जाऊनच रेकॉर्ड करावी लागेल, तीही पहाटे, लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत.