ट्रेलर ओढायचाय? आधी भरलेली गाडी काट्यावर न्या

हुक बसवून झाला की पहिला प्रश्न हमखास येतो, आता किती किलो ओढता येईल? माहितीपुस्तकात २५०० किलो लिहिलंय म्हणून तेवढा ट्रेलर बिनधास्त लावायचा असं नसतं हो. गाडीची स्वतःची एक मर्यादा असते, गाडी आणि ट्रेलर मिळून वेगळी असते, हुकाची आणखी वेगळी, आणि यातली जी आधी संपेल तीच तुमची खरी मर्यादा. गाडीचे आकडे बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या प्लेटवर किंवा पुस्तकात सापडतात.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हुकावर पडणारं वजन. ट्रेलरचं तोंड हुकावर टेकतं ते वजन गाडी उचलत असते, म्हणजे ते गाडीच्या लोडमध्ये धरायचं. समजा गाडीला ६०० किलो लोड चालतो, माणसं ३०० किलोची बसली आणि हुकावर १८० पडले, तर सामानाला उरले फक्त १२०, त्यात कॅरिअर आणि टूलबॉक्सही आले! हे वजन मागच्या चाकांच्याही मागे पडतं, त्यामुळे मागचा एक्सल दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं.

वजन करायचं ते प्रवासाला निघताना असतं तसं सगळं भरून, पाण्याच्या टाकीसकट, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो. काट्यावर आधी ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त गाडीची चाकं घ्या, मग ट्रेलर सोडून एकटी गाडी घ्या, दोन्हीतला फरक म्हणजे हुकावरचं वजन. मग ट्रेलर एकटा, त्याचं तोंड ज्यावर टेकतं तो पुढचा स्टँडही काट्यावरच ठेवून.

हुकावरचं वजन फार कमी असेल, म्हणजे जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं असेल, तर वेग वाढला की ट्रेलर डुलायला लागतो आणि गाडीला हिसके देतो, आम्हाला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. जड सामान ट्रेलरच्या एक्सलजवळ आणि खाली ठेवा. कितपत वजन हवं ते कंपनीप्रमाणे बदलतं, बऱ्याच ठिकाणी ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास सांगतात, पण हुकावर लिहिलेल्या आकड्यापुढे जायचं नाही.

काट्याच्या तिन्ही पावत्या आणि प्लेटचा फोटो घेऊन दुकानात या, एकत्र बसून हिशोब करू.